शेरा, पन्नास अक्षरांत

पणजीहून फॉर्म आलाय. रकाने दोन:
'वर्गात' आणि 'ऑनलाइन'.
मधली रेघ इतकी सरळ
की माझ्या वर्गातला कुणी ती मारूच शकला नसता.

इयत्ता सातवी. गणित. पट एकोणीस.
वर्गातली सरासरी अकरा,
ऑनलाइन साडेसतरा,
वीसपैकी.
एवढंच भरलं तर पाचची कदंबा मिळेल,
दिवे लागायच्या आत वाळपई.

पण त्या साडेसतरात कोण कोण बसलंय
ते मला ठाऊक आहे.
चौदा जणांनी लिहिलंय, सात आठे चोपन्न.
चौदा घरं, दोन वाडे, मधे ओहोळ,
आणि चूक एकच.
ती मी चेहऱ्याने ओळखते.
युगंधराचा थोरला भाऊ, प्रज्योत,
होंड्याच्या कारखान्यात पॅकिंगला जातो तो.
सहा वर्षांपूर्वी तिसऱ्या बाकावरून
अगदी ठासून म्हणायचा, चोपन्न.
माझ्या हातात तेव्हा खडू होता, घंटा झाली होती,
मी हसून सोडून दिलं.
म्हणजे चूक मुळात वर्गातलीच,
फोनवरून परत आली.
ती कुठल्या रकान्यात घालू?

सर्वेश माजीक.
दोन वर्षांत त्याचं 'हजर'सुद्धा ऐकलं नव्हतं,
शेजारचा सांगायचा, बाई, आलाय तो.
पहिलं अक्षर त्याच्या जिभेवर अडतं
आणि मागचा बाक ते लांबवत नेतो.
फोनवर मात्र
माझं गणित वाचून व्हायच्या आत
त्याचं उत्तर खाली उमटलेलं.
एकदा रात्री साडेदहाला:
'बाई, तुमची तिसरी पायरी चुकली.'
चुकली होती.
मी अंथरुणात उठून बसले, एकटीच हसले.

रोशनी वरक. वर्गात वीसपैकी वीस.
घरात फोन एक, तो पहाटे
वडिलांबरोबर दुधाच्या कॅनांमध्ये जायचा,
यायचा तेव्हा तास संपलेला.
तीन दिवस मावशीचा फोन मागून
ती सड्यावर काजूच्या झाडाखाली उभी राहिली.
वारा, एक बैल, आणि तिचा आवाज:
'टीचर, आयकूंक येना, आयकूंक येना.'
मला तिचं सगळं ऐकू येत होतं.
नंतर नुसता काळा चौकोन, त्यात 'रो'.
मग तोही नाही.
तिच्यापुढे मी काही लिहिलं नाही, तर फॉर्म पुढे सरकत नाही,
लाल अक्षरांत म्हणतो, शून्य भरा.
रिकामं आणि शून्य यांतला फरक
मीच पाचवीला शिकवते, दरवर्षी, दोन तास,
चिंचोके घेऊन.

आणखी एक, जे कुणी विचारलेलं नाही.
न कळलेलं मूल मान डोलावतं
पण बाकाखाली पायाची बोटं आखडतं.
बावीस वर्षं मी बोटं बघून शिकवलं.
फोनवर कपाळं दिसायची, वासे, पंखा,
कुणाची तरी कोंबडी.
पाय नाहीत.
आणि हेही लिहायला हवं,
एकोणीस जणांचे आवाज एका बोटाने बंद करताना
मला बरं वाटायचं.
वर्गात असं बोट मी जन्मभर शोधत होते.

आता शाळा पुन्हा भरते.
सर्वेश पुन्हा मुका,
फक्त मधल्या सुट्टीनंतर डस्टरखाली
घडी केलेली चिठ्ठी असते, वहीच्या मागल्या पानाची.
बहुतेक वेळा उत्तर. कधी माझी चूक.

आकडे भरले. अकरा. साडेसतरा.
तळाशी 'शेरा, पन्नास अक्षरांत'.
मी लिहिलं:
सात आठे छप्पन्न. रोशनी वरक रिकामं, शून्य नव्हे.
मोजली. वीसच झाली.
तीस उरलीत,
खाली रस्त्यावर पाचच्या बसचा हॉर्न,
आणि आजची चिठ्ठी
अजून मी उघडलेली नाही.